सहा ते सात

बेल वाजली तेव्हा सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मंडपवाला आला असेल म्हणून केतनने दार उघडलं. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात निळी पेटी.

"मी रुचिरा. प्रांजल आहेत ना? डोप टेस्टसाठी आलेय."

केतनने 'नाय' म्हणायला तोंड उघडलं, पण त्याची बहीण जिन्यावर उभीच होती. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या घराचं दार तिच्या डोळ्यांदेखत उघडलं होतं.

करंजाड्याच्या या तीनमजली बंगल्यात प्रांजल सुट्टीवर आली आणि अडकली. भारताचा महिला हॉकी संघ आज रात्री सहा आठवड्यांच्या युरोप दौऱ्यावर निघणार होता. संघ खारघरच्या हॉटेलात आणि संघाचा बचाव सांभाळणारी ही फुलबॅक स्वतःच्याच घरात बंद, अशी गंमत झाली होती. तिच्या वडिलांना, काळूरामांना, आता हॉकी पुरे वाटत होती. तिचा साखरपुडा आज अकरा वाजता. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, मोबाइल केतनच्या खिशात. रडून झालं, भांडून झालं, दोन दिवस उपाशी राहून झालं. कपाटाची किल्ली काही काळूरामांच्या कमरेवरून हलली नाही. आई, रंभा, तर तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. प्रांजलला त्याचंच जास्त लागलं होतं.

तशी कोंडून घ्यायची तिला सवय होती. संघातल्या मोजक्या खेळाडूंना रोजचा एक तास आणि त्या तासाचा पत्ता आधी कळवून ठेवावा लागतो. त्या तासात तपासणीवाले कधीही येऊन उभे राहतात. प्रांजलचा तास सकाळी सहा ते सात, आणि सुट्टीपुरता कळवलेला पत्ता याच घराचा. बेल्जियमच्या दौऱ्यात बाकीच्या मुली पहाटे तळ्याकाठी फिरायला जात, तेव्हा ही हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसायची. मागच्या दिवाळीत तपासणीवाले इथे घरीसुद्धा येऊन गेले होते. या नियमाला तिने घातल्या तितक्या शिव्या कुठल्या सेंटर फॉरवर्डलाही घातल्या नसतील.

"आज घरात कार्य हाय," काळूराम म्हणाले. "उद्या या."

"उद्या नाही चालत. यांच्याबद्दल आमच्याकडे फोन आलाय. औषधं घेतात म्हणून."

प्रांजलची कानशिलं तापली. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना तीनदा विचारून घेणारी मुलगी ती. संघातलीच कुणीतरी असणार, जिला तिची जागा हवी होती. एका खोलीत झोपलो, एकमेकींचे मोजे धुतले, आणि पाठीमागे हे! त्या क्षणी तिला घरच्यांपेक्षा त्या न दिसणाऱ्या मुलीचा जास्त राग आला.

"फोटोचं ओळखपत्र लागेल," रुचिरा मॅडम म्हणाल्या.

"आधार कॅम्पच्या हॉस्टेलवर राहिलंय. पासपोर्ट आहे. बाबांकडे."

"नाय दिला तर?" काळूरामांनी विचारलं.

"मग नकार दिला असं लिहीन. चार वर्षं बंदी. आणि पेपरात येतं ते."

बंदीचं काळूरामांना काही वाटलं नाही. उलट बरंच झालं असतं. पण पेपर! काळूरामांची पोर गोळ्या खाते असं छापून आलं, तर आजचे व्याही सोडाच, पुढचं स्थळही दारात पाय ठेवणार नाही. ते निमूट उठले. कपाट उघडल्याचा आवाज आला. पासपोर्ट मॅडमच्या हातात पडला.

"चला, लघवीचा नमुना द्या. म्हणजे मी निघायला मोकळी."

निघायला. ही बाई गेली की दार लागणार, पासपोर्ट पुन्हा कपाटात जाणार. अकरा वाजता अंगठी.

"मॅडम," प्रांजल म्हणाली, "नमुना देताना माझ्या बाजूचं माणूस समोर हवं. तो माझा हक्क आहे ना?"

"आहे. आई आहेत की घरात."

"मला संघाच्या मॅनेजरबाई हव्यात. त्या खारघरला आहेत."

रुचिरा मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या केतनकडे पाहिलं. मग पेटीचं झाकण शांतपणे लावलं.

"नमुना मिळेपर्यंत तुम्हाला नजरेआड करता येत नाही मला. माझ्या गाडीतूनच यावं लागेल."

"चालेल."

केतन दारातून हलला नाही. मॅडमनी पेन काढलं. "अडवलं, तर तेही लिहावं लागतं."

"सोड रे तिला," काळूराम ओरडले. "पन अकराच्या आत घरी पायजे!"

प्रांजलने किटबॅग खांद्याला लावली आणि मागे न बघता पायऱ्या उतरली. पासपोर्ट मॅडमच्या फायलीत होता. सुटल्याचा आनंद होता, पण त्यावर तो आळ मणभर ओझ्यासारखा बसला होता. सुटले, तीही चोर म्हणून!

ती गाडीत बसली. मॅडम मागे पेटी ठेवत होत्या. तेवढ्यात रंभा पदराला हात पुसत फाटकातून बाहेर आली आणि खिडकीशी वाकली. प्रांजलचा बांध फुटला.

"आई, माझ्या नावाला काळं कुणी फासलं ते मी शोधून काढणार. सोडणार नाही तिला."

रंभाने पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"नको शोधू गो. तुज्या बॅगेतल्या तपासनीच्या चोपडीवर यांचा नंबर व्हता. मीच फोन केला. सांगितला, माजी पोर गोल्या खाते."