टाक्यांच्या सावल्या

"अहवाल मागे घेते म्हणून सांग आणि मोकळी हो," गाडी बंद करत दादा म्हणाला. "नसत्या उठाठेवी सांगितल्या होत्या कुणी?"

ताई उतरली. दारावरच्या शिपायानं तिचा फोन ठेवून घेतला, वहीत तिची आत जायची वेळ लिहिली. बाहेर पडल्याच्या वेळेचा रकाना वरच्या तीन नावांपुढेही कोराच होता.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिची संस्था चाले. ना सरकारची, ना कुठल्या पक्षाची. माणसं तीन. शेजारच्या देशाशी बिनसलं, समुद्राची वाट बंद झाली, तर आपल्याकडचं तेल किती दिवस पुरेल, एवढंच तिनं वर्षभर शोधलं होतं. तेलाच्या टाकीचं छप्पर तेलावरच तरंगतं. तेल उतरलं की छप्पर खाली जातं आणि टाकीत सावली पडते. उपग्रहाचे फोटो कुणालाही मिळतात. ताईनं त्यांतल्या सावल्या मोजल्या.

सरकार म्हणत होतं, दोन महिने. ताईचं उत्तर आलं, अकरा दिवस.

अहवाल छापून आला आणि घरासमोर एक पांढरी गाडी उभी राहू लागली. आईनं भरदिवसा पडदे ओढून घेतले. संस्थेचे सर फोन वाजला की दचकायचे. आणि काल सरकारी कचेरीतून हे बोलावणं आलं.

खोलीत टेबलामागे एकच अधिकारी बसला होता. त्याचं बोलणं मऊ होतं.

"आकडे कुणी पुरवले, मॅडम?"

"कुणी नाही. मी मोजले."

"एकटीनं?"

"एकटीनं. सर फक्त शुद्धलेखन बघतात."

सरांना तेवढं तरी वाचवावं, असं तिला वाटलं.

"बाहेरच्या देशातून कुणी चौकशी केली?"

"शेजारच्या देशातल्या एका विद्यापीठानं प्रत मागवली होती. मागेल त्याला देतो, तशी त्यांनाही दिली."

"माहीत आहे. तिथल्या सेनापतींनी ती वाचली. दोनदा."

आता संपलंच, ताईला वाटलं. दादाचे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण बोलली ती भलतंच.

"आकडा मी मागे घेणार नाही. नुसत्या सावल्यांवर भागणार नाही म्हणून आता डेपोतून रोज किती टँकर सुटतात, तेही मोजतेय. हिशेब चुकला असेल, तर दुरुस्ती स्वतःच छापीन."

अधिकाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, दार लावलं, कडी घातली. परत आला तो खुर्चीत न बसता तिच्याकडे वाकला.

"दहा दिवसांपेक्षा जास्त लढाई त्यांच्या सैन्याला झेपणार नाही," तो अगदी हळू म्हणाला. "आमच्या दोन महिन्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. तुमचे अकरा वाचून ते सीमेवर थांबलेत."



त्यानं हात जोडले. "टँकर मोजू नका. अकराच राहू द्या, मॅडम. तेल चार दिवसांचंच आहे. बाकीच्या टाक्यांत आम्ही पाणी भरलंय."