कुसाबाईंचा पासवर्ड

"बाई, पासवर्ड सांगताय की नाही? नाहीतर तुमच्या लॅबचे सगळे रिपोर्ट पुसले जातील!"

मनोजने आवाज जाड करून दम भरला. नाशिकमधल्याच मालेगाव स्टँडजवळच्या एसटीडी बूथमध्ये तो घामाघूम झाला होता. पलीकडे, पंचवटीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, फोन कुसाबाईंनी घेतला होता.

"नाय सांगता यायचं, साहेब."

"मुंबईच्या हेड ऑफिसातून बोलतोय मी! नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या," कुसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

मनोज हातातल्या रिसीव्हरकडे बघतच राहिला. लॅबचा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी त्यानेच बसवून दिला होता. गेल्या महिन्यात तिथून एका मुलीचा टीबीचा रिपोर्ट फुटला. येवल्याला तिच्या घरी पोचायच्या आधी तो नवऱ्या मुलाच्या घरी पोचला आणि ठरलेलं लग्न मोडलं. डॉक्टरांचा संशय कुसाबाईंवर. का, तर बाई सातवी शिकलेल्या, आणि लॅबमध्ये लागल्या होत्या त्या नळ्या धुवायला. खापर फोडायला गरिबाचंच डोकं सापडतं. सोमवारपासून त्यांना कॉम्प्युटरवरून उठवून पुन्हा नळ्या धुवायला बसवायचं, असं डॉक्टरांनी ठरवूनही टाकलं होतं. तेव्हा मनोजच त्यांना म्हणाला होता, "सोमवारपर्यंत थांबा. जो अनोळखी माणसाला पासवर्ड सांगतो, तोच रिपोर्टही सांगतो. एकेकाला फोन करून बघतो मी."

पहिला फोन लॅबमधल्या हर्षालीला. ही बी.एस्सी., कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट घरी फ्रेम करून लावलेलं. तिने अर्ध्या मिनिटात पासवर्ड सांगितला, स्पेलिंगसकट, आणि वर विचारलं, "अजून काही हवं का, सर?" दुसरा तिथल्याच राजूला. त्याने आपला तर सांगितलाच, शिवाय हर्षालीचाही सांगून टाकला. आणि तिसऱ्या फोनला या कुसाबाई म्हणे, जाऊ द्या!

मनोजच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. या बाईला हे शिकवलं कुणी? त्याला आठवलं, दुरुस्तीला तो सकाळी लवकर गेला की कुसाबाई सगळ्यांच्या आधी आलेल्या असायच्या. पदराने कीबोर्ड पुसायच्या. एका बोटाने पासवर्ड दाबायच्या, आणि मग उगीचच क्षणभर पडद्याकडे बघत बसायच्या. काहीतरी युक्ती असणार बाईंची. ती कळल्याशिवाय त्याला चैन पडेना, म्हणून तो तडक लॅबमध्ये गेला.

तिथे त्याने सगळ्यांसमोर तिन्ही फोनची हकीगत सांगितली. राजू आणि हर्षाली फरशीकडे बघू लागले. डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण माणूस सरळ. म्हणाले, "कुसाबाई, चुकलो मी. कॉम्प्युटर तुमच्याकडेच राहील."

खरं तर मनोजने तेव्हाच निघायला हवं होतं. पण नाही!

"बाई, तो पासवर्ड आहे तरी काय?"

"नाय सांगता यायचं."

"डॉक्टरांनासुद्धा नाही?"

"कुणालाच नाय."

"मग लिहून द्या!" मनोज आपला गमतीने म्हणाला.

"लिहून देते की. त्यात काय?"

मनोजने कपाळावर हात मारला. कुसाबाईंनी चिठ्ठीवर एकेक इंग्रजी अक्षर जपून काढलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. त्याने मोठ्याने वाचलं, "चिमाजी. आता हे चिमाजी कोण?"

कुसाबाईंनी झटकन पदर तोंडावर ओढला.

"अहो सर, हळू!" हर्षाली कुजबुजली. "त्यांच्या मिस्टरांचं नाव आहे ते. तेरा वर्षं झाली त्यांना जाऊन."

मनोजला हसू आवरेना. कसली युक्ती आणि कसलं काय! नवऱ्याचं नाव, म्हणजे चोर सगळ्यात आधी जे दाबून बघेल तेच. बायकोने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, एवढ्याशा रीतीने लॅबची अब्रू राखली होती. हसून झाल्यावर मात्र त्याला आपला उद्योग आठवला. गुपित फोडलं होतं ते त्यानेच.

"बाई, हा आता सगळ्यांना कळला. आजच्या आज बदलावा लागेल. दुसरा कुठलाही शब्द ठेवा."

कुसाबाईंचा चेहरा पांढरा पडला. नोकरी जाईल म्हटल्यावर "जाऊ द्या" म्हणणारी बाई, पण आता तिचे डोळे भरून आले.

"तेवढं नका करू, साहेब. वाटल्यास सोमवारपासून नळ्या धुवायला बसते मी."

"अहो पण का? एका शब्दाचं काय एवढं?"

कुसाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अकरा वर्षं संसार केला, साहेब. उखाण्यात घेतलं असंल तेवढंच नाव, हाक अशी कधी मारली नाय. ते गेले तवाबी मारायची राहूनच गेली. हितं मात्र रोज सकाळी मारते. पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटत्यात, कुणाला कळत बी नाय."