तिसरं बटण

"पाच वाजता नंबर आहे," बायको दारातून म्हणाली. "साडेचारला निघायचं. तोवर काय दिवे लावायचेत ते लावा."

पंपवाल्यांनी मान वर केली नाही. एका हातात तापलेली सोल्डरिंग गन, दुसऱ्या हातातल्या चिमट्यात तांदळाएवढा रेझिस्टर. टेबलावर आवाज काढणाऱ्या पेटीचं किट पसरलं होतं. हिरवा बोर्ड, छोटा स्पीकर, चार बटणं आणि सुट्या भागांच्या पुड्या. हल्लीची पोरं असली यंत्रं घरी जोडतात, त्यातून घरघर, खरखर, शिट्ट्या काढतात आणि वर त्याला संगीत म्हणतात. पंपवाल्यांना संगीताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच आवाज हवा होता.

तो आवाज चार वर्षं त्यांच्या उजव्या कानात ठाण मांडून बसला होता. बारीक, चिवट, शिट्टी आणि वाफ यांच्या मधला. शहराच्या पंपघरात तीस वर्षं काढली आणि निवृत्तीच्या कागदांबरोबर हाही घरी आला. कानाचे डॉक्टर म्हणाले, काहींना येतो असा आवाज, औषध नाही, दुर्लक्ष करा. दुर्लक्ष करायला तो काय भिंतीवरचा डाग होता? झोप उडाली, जेवण उडालं, गेल्या आठवड्यात हातातला पेला भिंतीवर गेला. त्यानंतरच बायकोने मनाच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

"म्हणजे मला वेड लागलंय," ते म्हणाले होते.

"मी असं म्हटलं का? पण कान तुमचा, आवाज तुमचा, आणि ऐकायचं सगळ्या घराने."

मग ठरलं. या पेटीतून तो आवाज काढून तिला ऐकवला, तर ती पुन्हा कधी त्यांना खोटं पाडणार नाही. नाही जमलं, तर मुकाट तिच्याबरोबर जायचं आणि हा विषय घरात कायमचा बंद. एकदा, फक्त एकदा तिने तो ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा होती. माणूस आजाराने थकत नाही इतका एकटेपणाने थकतो.

पावणेचार झाले. शेवटचा कपॅसिटर बसला. स्वयंपाकघरात रेडिओ नुसता खरखरत होता.

"अगं, स्टेशन तरी नीट लाव."

"राहू दे. सोबत होते."

"आणि पंखा कशाला? थंडी वाजतेय."

"मला उकडतंय."

गल्लीत तिला सगळे पंपवालीण म्हणायचे. खरं तर तिने स्वतः पुठ्ठ्याच्या कारखान्यात कापायच्या मशीनवर एकोणीस वर्षं उभ्याने काढली होती, पण गल्लीला कोण समजावणार? ती येऊन खुर्चीमागे उभी राहिली.

"रात्री परत त्याच कुशीवर झोपलात. उशीत कान दाबला की वाढतो तो, कितीदा सांगू?"

"तुला कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

डॉक्टर असं काही म्हणाल्याचं त्यांना आठवेना. पण त्या दिवशी त्यांचं निम्मं लक्ष कानातच होतं.

चारला त्यांनी बॅटरी जोडली. लाल दिवा लागला. पेटी मात्र ढिम्म. चारही बटणं फिरवली, स्पीकरला कान लावला. शून्य.

"झालं?" बायकोने पर्स खांद्याला अडकवली.

"थांब. दहा मिनिटं दे." ती पर्ससकट परत स्वयंपाकघरात गेली.

त्यांनी भिंग घेऊन सोल्डरचा एकेक डाग तपासला. सगळे ठीक. मग काळ्या आयसीवर, पेटीच्या मुख्य चिपवर, नजर गेली. तिच्या एका टोकाची खाच उजवीकडे हवी होती, ती डावीकडे होती. तीस वर्षांत एकही व्हॉल्व्ह उलटा बसवला नव्हता, आणि आज हे. त्यांनी चाकूच्या टोकाने आयसी खोबणीतून हळूच उचकटली. तिचा एक बारीक पाय वाकला. तो तुटला असता तर खेळ खलास होता. श्वास रोखून त्यांनी तो नखाने सरळ केला, आयसी फिरवून दाबली आणि परत बॅटरी जोडली.

पेटी अशी काही ओरडली की स्वयंपाकघरात झाकण पडलं.

पहिल्या बटणाने आवाज लहान केला. दुसऱ्याने खरखर गाळली. तिसऱ्याने शिट्टी वर चढू लागली. अजून थोडी. चौथ्याने तिच्यात वाफ मिसळली. आणि अचानक पेटी गप्प झाली.

बॅटरी गेली, असं त्यांना वाटलं. पण दिवा लागलेला होता. त्यांनी उजव्या कानात बोट घातलं आणि डावा कान पेटीजवळ नेला. पेटी वाजत होती. उजव्या कानातला आवाज आणि हा, दोन्ही इतके एक झाले होते की वेगळे ऐकूच येत नव्हते.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. "रेडिओ बंद कर. पंखाही."

रेडिओ थांबला. पंखा थांबला. ती आली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"हाच तो," पंपवाले म्हणाले. "चार वर्षं. रात्रंदिवस."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. घड्याळात साडेचार वाजत आले होते.

"ऐकू येतंय ना तुला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही तर नाही म्हण. मी येतो तुझ्याबरोबर. पण खरं सांग."

तिने खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. मग हात पुढे केला, तिसरं बटण चिमटीत धरलं आणि केसभर पुढे फिरवलं. शिट्टी किंचित बारीक झाली. डोळे मिटून तिने ऐकलं, बटण आणखी जरासं सरकवलं आणि हात काढून घेतला.

"माझा एवढा आहे," ती म्हणाली. "डाव्या कानात."