भुतांची जागा

महाडात दर रविवारी दुपारी सुनील आणि दोस्तमंडळी हैदरच्या घरी फासे टाकत, गोष्ट रचत राक्षसांशी लढायचा खेळ खेळायचे. नकाशे हैदर हातानं काढायचा. एकदा त्याचा मावसभाऊ आदिल मुंबईहून लॅपटॉप घेऊन आला. “नकाशे आता यावर दाखवायचे. दोन सॉफ्टवेअर आणलीत, कुठलं घ्यायचं ठरवा.” त्यानं पहिलं उघडलं. डोंगर, ओढा, चिखलात गाडलेली घरं, घराघरावर एकेक हाडांचा सापळा. “दरडीखाली गेलेल्या वाडीचा खरा फोटो नेटवर मिळाला. भुतांसाठी झकास जागा, काय?” सुनीलनं एका सापळ्यावर बोट ठेवलं. “हे आमचं घर हाय. आय इथंच गेली.” हैदरला शिसारी आली. त्या चिखलात त्यानं तीन दिवस सुनीलसोबत हातांनी उकरलं होतं. “बरं, सापळे काढतो. नायतर दुसरं सॉफ्टवेअर दाखवू?” आदिल म्हणाला. हैदरनं लॅपटॉप मिटला. “आधी चपला घाल अन् चालता हो.”