तीन नंबरची गादी

"तीन नंबरची गादी जरा प्रेमाने बघ हं, ताई," धाकटी फोनवर म्हणाली आणि खुदकन हसली.

ताईसमोर टेबलावर तीन पांढऱ्या गाद्या मांडल्या होत्या. अंतराळात जाणाऱ्याच्या पाठीचं माप घेऊन ओतलेल्या, टणक फोमच्या. यानातल्या खुर्चीत ही गादी बसवायची. उड्डाणाच्या वेळी माणसाची पाठ सांभाळते ती हीच.

"प्रेम करायचा पगार नाही मिळत मला," ताई म्हणाली. "तपासायचा मिळतो."

"बरं बाई! शुक्रवारी आईकडे ये मात्र. बातमी आहे."

"कसली?"

"शुक्रवारी म्हटलं ना!" पुन्हा ते हसू, आणि फोन बंद.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. कसली बातमी ते न कळायला ती काय दूधखुळी होती? कालच आईची जीभ घसरली होती. "आपल्या घरातलं माणूस वर जाणार म्हणजे..." एवढं बोलून आईने तोंडावर हात ठेवला आणि एकदम भाजी महाग झाल्याचं सांगायला लागली.

ताई सरकारी अंतराळ खात्यात वीस वर्षं तपासनीस होती. धाकटीला खात्यात चिकटवलं तिनेच, हाताला धरून काम शिकवलं तिनेच. मग खासगी कंपनी निघाली. धाकटीने राजीनामा फेकला, आणि आज ती कंपनीत या गाद्या बनवणाऱ्या विभागाची प्रमुख होती. आता सरकारने त्याच कंपनीशी भागीदारी केली होती. तळ सरकारचा, यान कंपनीचं. तीन जागांपैकी दोन कंपनीच्या, एक सरकारची. आणि कंपनीच्या मालावर शिक्का मारायचा ताईने.

धाकटीची गाडी, पेपरातले फोटो, त्याचं ताईला एवढं नव्हतं. झोंबायचं ते वेगळंच. लहानपणापासून वर जायचं होतं ते ताईला. गच्चीवरच्या टाकीवर चढून ती तासन्‌तास आभाळ बघायची आणि धाकटी खाली उभी राहून "ताई, उतर ना गं" म्हणून रडायची. खात्याने ताईचा अर्ज तीनदा नाकारला होता. भागीदारी झाली तेव्हा तिने चौथा केला. तीस उमेदवारांबरोबर यंत्रापुढे उभं करून तिची मापं घेतली. त्याला आठ महिने झाले, ना होकार ना नकार. नावं या शुक्रवारी जाहीर व्हायची होती, पण सरकारची जागा कुणा वशिल्याच्या माणसाने केव्हाच पटकावली असणार. आणि कंपनीची एक धाकटीने. खाली उभी राहून रडणारीने!

तिने लाकडी हातोडी उचलली. गादीवर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. आत पोकळी असली की आवाज बदलतो, आणि तो ताईइतका अचूक कुणालाच कळत नसे.

गाद्यांवर नावं नसत, नुसते आकडे. तपासनिसाने ओळखीच्याला झुकतं माप देऊ नये म्हणून. बनवणाऱ्यांना नावं ठाऊक, तपासणाऱ्यांना नाही. नावांचं पाकीट कारकुनाच्या कपाटात सीलबंद. गादी नापास झाली तरच ते फोडायचं आणि ज्याची गादी, त्याची सही घ्यायची.

पहिली पास. दुसरीही पास.

तिसरीवरून हात फिरवताना ती थबकली. डाव्या खांद्याचा खळगा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. हा तर बाबांचा खांदा. घराण्याचा. शाळेत असताना शिंपी एकीचंच माप घेऊन दोघींचे गणवेश शिवायचा. आता बाईसाहेबांसाठी खास गादी! वर तिच्या कडा हाताने घासून गुळगुळीत केलेल्या. बाकीच्या दोन यंत्राने उरकलेल्या. स्वतःसाठी बरा वेळ मिळतो, ताईच्या मनात आलं.

तिने ठोकून पाहिलं. खांदा, कंबर, मान. सगळीकडे एकच भरीव आवाज. इतकी चांगली गादी तिने वीस वर्षांत पाहिली नव्हती.

तिने लिहिलं, "डाव्या खांद्याखाली पोकळी. नापास."

कंपनीचा टकलू प्रतिनिधी धावत आला. "मॅडम, आम्ही तीनदा तपासलीय हो!"

"तुम्ही तपासली असेल. मला ऐकू आली."

ताईच्या कानावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

"नवी ओतून वाळायला चाळीस दिवस लागतात," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "उड्डाणाला एकोणतीस उरलेत. म्हणजे तो माणूस राहिलाच. राखीव जाईल."

"मग राहील," ताई म्हणाली.

नापास गादी चुकूनही वापरात येऊ नये म्हणून त्याच दिवशी, तपासनिसाच्या डोळ्यांदेखत कापायची पद्धत होती. ताईने गादीवर लाल फुली मारली. करवत खांद्यापासून कमरेपर्यंत फिरली. पांढरा भुसा तिच्या चपलांवर पडला.

ताईच्या जिवाला गार वाटलं. एक बारीकशी टोचणीही लागली, पण ती तिने चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली. शुक्रवारी काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं. "अगं, मला काय माहीत ती तुझी होती? नावं थोडीच असतात त्यांच्यावर!" मग पाठीवरून हात फिरवायचा. रडू द्यायचं पोटभर.

कप खाली ठेवते तोच कारकून आला. एका हातात फोडलेलं पाकीट, दुसऱ्या हातात नापासाचा कागद.

"मॅडम, सही हवी होती."

"केली की मघाशी."

"ती तपासनिसाची झाली," तो कागदावरची नजर वर न उचलता म्हणाला. "आता खालच्या रकान्यात करा. प्रवासी म्हणून."