समोरची भिंत

काडेपेटीतली शेवटची अळी काही केल्या बाहेर पडेना. चित्रकाराने पेटीच्या बुडाला टिचकी मारली, तशी ती टुपकन लोकरीत पडली आणि दिसेनाशी झाली.

"जा बाई, पोटभर जेव," तो म्हणाला, आणि त्याने ट्रंकेचं झाकण लावून टाकलं.

ट्रंकेत त्याच्या बायकोनं विणलेला पडदा होता. पुरुषभर उंचीचा, जाडजूड लोकरीचा, गुंडाळून ठेवलेला. प्रदर्शनाला अजून अख्खा उन्हाळा जायचा होता. तेवढ्या दिवसांत लोकरीला कसर लागली की काय होतं, ते चित्रकाराला पक्कं ठाऊक होतं. ही त्याची दुसरी खेप.

प्रदर्शन दोघांचं एकत्रच भरायचं. त्याची चित्रं, तिचं विणकाम. काय तो जोडा, म्हणून लोक तोंडभर कौतुक करायचे. पण दारातून आत शिरल्यावर जी पहिली दिसते ती समोरची भिंत दर वेळी तिची. याची चित्रं आपली कडेला, चहाच्या टेबलापाशी. लोक हातात कप घेऊन याच्या चित्राला पाठ टेकायचे आणि तिचं विणकाम बघत राहायचे. एकाने तर याच्या फ्रेमला छत्री अडकवली होती. आणि ओळख करून द्यायची झाली तर काय, "हे बाईंचे मिस्टर!"

मिस्टरांच्या पोटात ते कढत होतं, कढत होतं, आणि एक दिवस उतू गेलं.

मागच्या खेपेला काडेपेटी हिरव्या पोपटाच्या छापाची होती. गडबडीत कुठे पडली कोण जाणे. बायकोचा दोन वर्षांचा पडदा चाळणी होऊन निघाला. ती जमिनीवर बसून ढसाढसा रडली. यानेच तिचे डोळे पुसले, यानेच पाणी आणून दिलं. साळसूदपणा तरी किती असावा माणसाच्या अंगात!

"माझ्या कॅनव्हासला नाही ना गं लागायची ही कसर?" वर त्याने विचारलंही होतं.

"छे हो. तुमचा कॅनव्हास सुताचा. सुताला ती मेली तोंड लावत नाही. तिला लोकरच लागते."

"म्हणजे माझी चित्रं किडेसुद्धा खात नाहीत म्हण की!"

रडता रडता बायकोला हसू फुटलं होतं.

पण तेव्हा समोरच्या भिंतीवर तिचाच एक जुना पडदा लागला आणि याची हौस राहिली ती राहिलीच. या खेपेला त्याने स्वतःचं एक भलंमोठं चित्र तयार ठेवलं होतं. भिंतीचं माप घेऊन.

बायकोनं तर त्याचं काम आणखीच सोपं करून ठेवलेलं. एरवी रंगांत न्हाणारी बाई, पण या वेळचा पडदा नुसता राखाडी. गाढवाच्या पाठीसारखा.

"हे एवढंच?" त्याने विचारलं होतं.

"वय झालं हो आता. हात चालत नाहीत."

"ट्रंकेत डांबरगोळ्या टाकू का?"

"नको, त्या वासानं डोकं उठतं माझं. एकदा झालं ते झालं. दर वेळी थोडंच होतंय?"

बिचारी साधी आहे, त्याला वाटलं. विणकाम चालू होतं त्या दिवसांत तर फारच मायेनं वागायची. एकदा तो शेगडी पेटवत होता, तर ती त्याच्या हाताकडे बघतच राहिली.

"थांबा जरा. काडेपेटी तशीच धरा."

"का गं?"

"छान आहेत तुमची बोटं. इतक्या वर्षांत मेलं नीट बघितलंच नव्हतं."

उन्हाळा सरला. दालनात पाट्या लागल्या. समोरच्या भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'पती-पत्नी दोघांचं काम'.

"यात माझं काय?" चित्रकार म्हणाला.

"असं कसं? तुमचा हात लागल्याशिवाय पुरा झाला असता का?"

उद्घाटनाला पाहुणे जमले. पडदा सगळ्यांसमक्ष उघडायचा, असा बायकोचा हट्ट. ट्रंकेचं झाकण वर केलं मात्र, कसरीची चार-दोन पाखरं भुर्रकन उडाली. आत पडद्याच्या गुंडाळीवर नुसता राखाडी भुगा.

"अरे देवा! परत कसर!" चित्रकार सगळ्यांच्या आधी ओरडला. आवाज जरा जास्तच चढला.

दालन सांभाळणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "आता समोरच्या भिंतीचं काय करायचं?"

"गाडीत माझं एक चित्र आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "मापात बसेलही कदाचित. हिच्या दुःखात असं बोलू नये, पण..."

"पण नाही नि बिण नाही," बायको म्हणाली. डोळे ठणठणीत कोरडे. "या वेळी यांनाच समोर लावायचं. किती वर्षं वाट बघताहेत."

चित्रकाराला अगदी भरून आलं.

"आधी हा पडदा तेवढा झटकून घेऊ. धरा हो ते टोक."

त्याने टोक धरलं. दोघांनी मिळून पडदा भिंतीवरच्या दांडीला अडकवला. बायकोनं काठी घेतली आणि दणादणा हाणली. उरलीसुरली लोकर भसाभसा खाली आली. लोकरीच्या आत सूत होतं, आणि सुताला कसरीनं तोंड लावलं नव्हतं.

सुतात एक माणूस विणलेला होता. पुरुषभर उंच, उघड्या ट्रंकेवर वाकलेला, मिशीत हसणारा. लोकांनी त्याच्याकडे बघितलं, मग टोक धरून उभ्या असलेल्या चित्रकाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. विणलेल्या बोटांत काडेपेटी होती, तिच्यातून अळ्या सांडत होत्या, आणि काडेपेटीवर हिरवा पोपट होता.