पुढची सीट

मिस्त्रीने बोल्ट सोडवून ड्रायव्हरशेजारची सीट गाडीतच उताणी केली आणि आतूनच बोलायला लागला. "फ्यूज शाबूत आहे. सीट तापवायच्या बटणाचाही काही दोष नाही. दाबलं की दिवा लागतो आणि लगेच विझतो, म्हणजे सीटमध्ये काहीतरी बिनसलंय हे गाडीला कळलंय. आता आपल्याला कळायचं बाकी आहे."

ती गाडीच्या दाराशी उभी होती. मागे, शेडमधल्या एकुलत्या एक शेगडीसमोर तिचे सासरे, बाबा, तिच्या लेकीला, ठकूला, मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघावी. बाबांची कंबर थंडीत धरते, तेव्हा त्यांची सीट तापलीच पाहिजे, हा तिचाच हट्ट. बाबा मात्र किती दिवस एकच टुमणं लावून बसले होते, "कशाला उगाच खोलायची? मला चालतं तसंच."

मिस्त्रीने खालचा जोड ओढून काढला आणि उजेडात धरला. पितळी टोकांवर हिरवट पांढरा थर चढला होता. मग त्याने कव्हर सोललं आणि आतला तापवायच्या तारांचा पट्टा अलगद उचलला. मधोमध तार काळी पडून तुटली होती. खालच्या फोमवर पिवळट डागांचा नकाशा. त्याने वाकून वास घेतला, नाक मुरडलं आणि हसला.

"इथे पाणी मुरतंय, ताई! तेही साधं पाणी नाही. साध्या पाण्याने तार अशी खाल्ली जात नाही." त्याचा आवाज शेडभर घुमला. "लेकराला लंगोट बांधत जा की. आणि ओलं वाळवायला हीटर लावलात ना वर? वरून वाळतं हो, पण आत तार मरते."

"मी नाही केली शू!" ठकू बाकावरून ओरडली.

"सगळी पोरं हेच म्हणतात."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. वर्ष होत आलं, पोरीने अंथरूणसुद्धा ओलं केलं नव्हतं. त्याआधी नणंदेपासून शेजारणीपर्यंत प्रत्येकीचं "अजून नाही का सुटलं?" तिने दात आवळून ऐकलं होतं. आता हाही आला शिकवायला.

"अहो, ती कधी पुढे बसतच नाही," ती ठसक्यात म्हणाली. "तिची खुर्ची मागे बांधलेली आहे. पुढे फक्त..."

वाक्य तिथेच तुटलं. पण जेवढं बाहेर पडलं तेवढं पुरेसं होतं.

तिला आठवले ते ऐन गरमीचे दिवस. सगळ्या काचा खाली करूनही घाम फुटायचा, आणि बाबा सीटचं बटण दाबत म्हणायचे, "कंबर शेकतो जरा." घर आलं की, "तुम्ही व्हा पुढे, मी बातम्या ऐकून येतो." ती वरून, खिडकीतून बघायची. बंद गाडीत म्हातारा माणूस एकटाच ताठ बसलेला. बाबांना घरापेक्षा गाडीचीच माया, असं ती नवऱ्याला हसत म्हणालीही होती.

मागे वळायचं तिला धाडस होईना. वळली, तेव्हा बाबा ठकूच्या कोटाची लावलेली बटणं काढून पुन्हा लावत होते. मान खाली. कानांच्या पाळ्या लालबुंद.

"मीच," ती घाईघाईने म्हणाली. "म्हणजे, दूध. माझ्याच हातून सांडलं होतं. बाटली पुढे ठेवते ना मी."

मिस्त्रीने फोमकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे. त्याचं हसू मावळत गेलं.

"असेल, असेल," तो म्हणाला, हवं होतं त्यापेक्षा जरा मोठ्यानेच. "दुधानेही होतं असं."

"खोटं!" ठकू म्हणाली. "दूध माझ्या पिशवीत असतं. हो ना, आजोबा?"

बाबांचा हात बटणावर थांबला. "गप गं, ठकू," ते म्हणाले. "आई म्हणते ते खरं."

मिस्त्रीने फोम बदलला, नवा पट्टा अंथरला, जोड नवा लावला. कव्हर चढवून सीट जागेवर बसवली आणि बटण दाबलं. दिवा लागला तो लागलेलाच राहिला. हात ठेवून त्याने बघितलं, मान डोलावली. ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून सीटवर घातलेलं पातळ प्लास्टिक तो आता ओढून काढू लागला.

"राहू दे ते," बाबा म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, तिला कळलंही नव्हतं.

"अहो आजोबा, ते कामापुरतं असतं. बसलं की चुरचुरतं."

"चुरचुरू दे."

मिस्त्रीने हात मागे घेतला. तिचं बोलायचं ते मघाशीच बोलून झालं होतं.

गाडी रस्त्याला लागली. पहिल्याच वळणावर प्लास्टिक वाजलं. "कसला आवाज?" मागून ठकूने विचारलं. बाबांनी दारावरचं हँडल घट्ट धरलं, अंग किंचित उचललं, आणि घर येईपर्यंत ते तसूभरही हलले नाहीत.